काटाबाबूंची पावती

घुग्घुसच्या खदानीत काटाघरावर ज्याने उभी नोकरी काढली, त्याला निवृत्तीनंतर पायथन शिकायला बसवू नये. तो शिकत नाही असं नाही. पण आधी शिकवणाऱ्याची हजेरी घेतो.

काटाबाबूंचं नाव नातवाने एका ऑनलाइन कोर्सला घातलं. पहिलाच प्रोग्राम लिहिला, ‘रन’ दाबलं, उत्तर बरोबर आलं, बाबू लॅपटॉप मिटून जेवायला बसले. सकाळी पाहतात तो गुण शून्य. ‘सबमिट’ वेगळं दाबावं लागतं, हे नातवाने सांगितल्यावर त्यांनी एकच विचारलं, “मंग पावती काऊन नाही देत, बापा?”

काट्यावर टिप्पर एकदा रिकामा चढतो, एकदा भरलेला. वजाबाकी छापून चालकाच्या हातात पडते आणि मगच फाटक उघडतं. इथे दोन्ही बटणं शेजारीशेजारी, एकाच निळ्या रंगाची. मोबाइलवर तर दुसरं कीबोर्डाखाली दडून बसलेलं. गुण जमा झाले की नाही, हे पान ताजं केल्याशिवाय कळत नाही आणि ताजं केलं की लिहिलेलंही उडतं. “काटा असा चालवला असता ना, तर कोळसा वणीले गेला असता अन् मेमो नागपुराहून मले आला असता!”

बाबूंनी सुधारणा कळवल्या. फुलस्केपवर, समास सोडून, मग त्याचा फोटो काढून. प्रत्येक सबमिटला नंबर आणि वेळ पडावी. चाचण्या किती घेतल्या, किती पास झाल्या, निव्वळ गुण किती, हे तीन रकान्यांत दिसावं. लाइट गेली तरी अर्धवट काम जपून राहावं. खरं सांगायचं तर यातली एकही मागणी चुकीची नाही, आणि हेच सांगायला पुण्यातला डिझायनर बक्कळ पैसे घेतो.

एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सवाल्यांचा गुणांचा हिशेब मात्र त्यांना पटतो. १२ आठवड्यांच्या कोर्सात सर्वोत्तम ८ गृहपाठांच्या सरासरीला २५ गुण, परीक्षेला ७५. प्रमाणपत्रासाठी एकीकडे किमान १०, दुसरीकडे ३०. “हे कसं, रिकामा येगळा, भरलेला येगळा!”

त्यांची स्वतःची गाडी मात्र अडली ती सौजन्यापायी. आकडा घ्यायचा असला की बाबू ‘इनपुट’च्या कंसात लिहितात: ‘कृपया संख्या सांगावी’. तपासणारं यंत्र अक्षराला अक्षर लावून पाहतं. त्याला हवं असतं नुसतं २५. हाती येतं ‘कृपया संख्या सांगावी २५’. शून्य. ते वाक्य काढा म्हटलं की बाबू फिस्कारतात, “ओळख ना पाळख, डायरेक्ट आकडा मागायचा? बरं दिसते काय?”

आता गल्लीतली इंजिनिअरिंगची पोरं मुदतीच्या रात्री त्यांच्या ओसरीवर बसतात. सबमिट दाबलं की स्क्रीन बाबूंना दाखवायची. बाबू चष्मा कपाळावरून खाली घेतात आणि जुन्या लाल वहीत नाव, प्रश्न क्रमांक, वेळ, गुण चढवून सही करतात. तेव्हापासून एकाही पोराचं सबमिट राहिलेलं नाही. त्याच वहीत बाबूंची स्वतःचीही ओळ आहे, दर आठवड्याला. गुणांच्या रकान्यात शून्य, आणि पुढे शेरा: ‘विचारून घेतल्यामुळे नापास.’