कार्बोरेटरमध्ये कचरा

इंजिन कुठलंही असो, बंद पडलं की आपल्याकडे पहिलं निदान ठरलेलं: ‘कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय.’ मग तो विहिरीवरचा पंप असो, लूना असो की चेनसॉ. हे सांगायला कार्बोरेटर पाहिलेला असावा लागत नाही.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या. आमच्याकडे चेनसॉ आला तो त्या दिवसांत. वाडी मोकळी झाली तसं मशीन पडवीत गेलं, ते अधूनमधून सरपणापुरतं बाहेर यायचं. खाऱ्या वाऱ्यात लोखंडाला म्हातारपण लवकर येतं. यंदा फणसाची फांदी मोडून कौलांवर ओणवी झाली, तेव्हा दोरी ओढली तर मशीन नुसतं ‘फुर्र’ करून गप्प.

दोरी ओढणं हा सार्वजनिक हक्क आहे. रस्त्यानं जाणारा आत येतो, ‘काय झालं?’ विचारतो आणि उत्तर ऐकायच्या आधी एकदा ओढून बघतो. आपल्या हाताला ते ऐकेल अशी प्रत्येकाची मनोमन खात्री. खरं तर चोक देऊन ओढताना एकदा बारीकसं ‘फट्’ होतं. ते ऐकलं की चोक अर्ध्यावर आणायचा, नाहीतर प्लग पेट्रोलनं भिजतो. आमच्या अंगणात ते ‘फट्’ झालं की नाही यावरच दोन तट पडले. ‘ओव्हरफ्लो झालं’ यावर मात्र एकमत होतं. प्लग काढला तर ठणठणीत कोरडा! कोणी ओशाळलं नाही.

शेजारचे आप्पा म्हणाले, “तिरपं करा.” स्कूटर कलंडवून सुरू करण्यात ज्यांची अख्खी नोकरी गेली, त्यांचा हा उपाय.

“आप्पा, ह्याच्या कार्बोरेटरात फ्लोट नसतो.”

“मग पेट्रोल राहतं कुठं?”

प्रश्न रास्त होता. फांदीवर आडवंतिडवं धरून चालावं म्हणून ह्यात वाटीऐवजी पातळ पडदा असतो. इंजिनच्या दाबानं तो धडधडतो आणि पेट्रोल ओढतो. त्यामुळे मशीन पालथं घातलं तरी त्याला सोयरसुतक नसतं. आप्पांना हे पटलं नाही. त्यांनी प्लग पॉलिश पेपरनं घासला, सिलिंडरला टेकवून दोरी ओढायला लावली आणि निळी ठिणगी पडल्यावर स्वतःच विजेचा शोध लावल्यासारखे आमच्याकडे पाहू लागले. करंट आहे, प्लग कोरडा आहे, म्हणजे पेट्रोलच पोचत नाही, हा सरळ हिशेब त्या कौतुकात राहून गेला.

शेवटी बाजारपेठेतून ग्रासकटर दुरुस्त करणारा पोरगा आला. त्यानं दोरीला हातही लावला नाही. टाकीचं झाकण उघडून वास घेतला.

“कधीचं?”

“दिवाळीच्या आधीचं.”

“शिळं आहे, काका.”

हल्ली पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं. इथेनॉल उसापासूनही होतं. म्हणजे उसाचा पैसा घाटावर आणि पाणी आमच्या टाकीत! त्यानं टाकी रिकामी केली, तारेच्या आकड्यानं आतला फिल्टर बाहेर ओढून बदलला आणि कार्बोरेटर उघडला. पडदा कडक झाला होता. जाळीवर तिळाएवढा कचराही होता. तो त्यानं गुपचूप फुंकून टाकला, हे त्याचं शहाणपण. मग नवा पडदा, ताजं पेट्रोल आणि लिटरला 25 मिली टू-टी ऑइल. “जरा जास्त घाल, इंजिनला बरं,” असा आवाज मागून आलाच. जास्त ऑइलनं प्लग काळा पडतो, पण तो वाद घालत बसला नाही.

मशीन सुरू झालं. धूर, आवाज, टाळ्या. चेन फांदीला टेकवली तर खाली पिठासारखा भुगा पडू लागला. पडायला हव्यात ढलप्या. पीठ पडतं म्हणजे चेनला धार नाही. धार लावायला बारीक गोल कानस लागते, असं पोरगा म्हणाला मात्र, “आमच्याकडे आहे!” म्हणत आप्पा घरी धावले. त्यांनी आणलेली कानस तिकोनी निघाली.