नानांची नॅनो

गाडी पळवणाऱ्यांची जात सगळ्यांना ठाऊक असते. गाडी थांबवणाऱ्यांचीही एक जात असते, तिच्याकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. विंचूरच्या तीनपाटीवर सकाळच्या वेळी उभं राहावं, म्हणजे ती दिसते. मागं कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग, समोरून येवल्याकडची एसटी, आणि मधोमध काही कारण नसताना थांबलेली एक पिवळी नॅनो. आतले गृहस्थ मान तिरपी करून ऐकत असतात. मग काच खाली करून जाहीर करतात, "मागचं डावं चाक जरा उशिरा धरतंय." ऐकणारा कोण, हे महत्त्वाचं नसतं. बहुधा तो मागचा ट्रॅक्टरवाला असतो आणि त्या वेळी तो वेगळ्याच विषयावर बोलत असतो.

यांना आपण नाना म्हणू. निफाड तालुक्यात साठी ओलांडलेला माणूस नाना नसला तर आबा किंवा अण्णा असतो, त्यामुळे कुणाची ओळख उघड व्हायची भीती नाही.

टाटांनी २३ मार्च २००९ ला नॅनो बाजारात आणली, तेव्हा लोकांनी किंमत पाहिली. नानांनी चाकं पाहिली. बारा इंची चाकं, एकेकाला तीनच नट, आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. "चौथा नट आणि डिस्क आपल्यावर सोडलीय," असा अर्थ त्यांनी काढला आणि पुढं दोन-तीन वर्षांनी एक जुनी नॅनो दारात आणून उभी केली. इंजिन किती सीसीचं, सरासरी किती देते, असले प्रश्न त्यांनी मालकाला विचारले नाहीत. एकदा पॅडल दाबलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "काम आहे इथं."

विंचूर हे पेशव्यांच्या घोडदळाचे सरदार विठ्ठल शिवदेव यांचं गाव. लगाम खेचणं रक्तातच असणार. पण खरं दुखणं जावयाच्या गाडीपासून सुरू झालं. तिला पुढं-मागं चारही डिस्क. दिवाळीच्या फराळाला जावई ते सहज बोलून गेला. नानांच्या हातातली चकली हातातच राहिली. दुसऱ्या दिवशी ते उस्तादाच्या गॅरेजात.

"उस्ताद, मारुतीची डिस्क बसवून टाका पुढं."

"नाना, मारुतीचा हब चार नटांचा. तुमचा तीन नटांचा. कुठं बसवू?"

"एक भोक वाढवा."

उस्ताद शांत माणूस. त्यानं समजावून सांगितलं की ड्रममधला शू चाकाच्या फिरण्यानंच आत ओढला जातो, थोडा दाब पुरतो. डिस्कला जास्त दाब लागतो, मग मास्टर सिलिंडर बदला, बूस्टर पाहा. शिवाय हिचं इंजिन मागं, वजन मागं. पुढचे ब्रेक वाढवले तर तोल बिघडेल. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि बायकोला सांगितलं, "उस्तादाला येत नाही." वकिली शिकणाऱ्या पुतण्यानं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ काढून दाखवलं. कंपनीची मूळ रचना बदलता येत नाही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर दर बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं. नाना म्हणाले, "कायदा पळणाऱ्यांसाठी असतो."

डिस्कचं स्वप्न तात्पुरतं बाजूला राहिलं आणि किरकोळ सुधारणा सुरू झाल्या. ड्रम लेथवर लावून आणले. लायनर बदलले, पुन्हा बदलले. मग ब्रेक ऑइल. डॉट-३ कोरडं असताना २०५ अंशांना उकळतं, हवेतलं पाणी शोषलं की १४० वरच. डॉट-४ चे हेच आकडे २३० आणि १५५, हे नाना झोपेतही सांगतील. आता, सपाट रस्त्यावर ताशी चाळीसनं जाणाऱ्या गाडीचं ऑइल कोमटसुद्धा होत नाही, हे त्यांना कोण सांगणार? "उद्या सप्तशृंगीचा गड उतरायचा झाला तर?" हा त्यांचा सवाल. गडावर ते दर चैत्रात जातात. एसटीनं. घाटात आपल्या गाडीचा भरवसा धरू नये म्हणतात.

ऑइल बदललं की लाइनीतली एअर काढावी लागते, आणि हे दोन माणसांचं काम. एकानं आत बसून पॅडल मारायचं, दुसऱ्यानं चाकाखाली पडून निपल सोडायचा. नाना कायम चाकाखाली. आत बसायला मिळेल तो माणूस. विंचुरात असं घर नसेल, ज्यातल्या एकानं तरी नानांचं पॅडल मारलेलं नाही. पोस्टमन पत्र द्यायला आला, अडकला. लग्नाची पत्रिका घेऊन आलेले पाहुणे अडकले. "मारा... मारा... मारा... धरा! सोडू नका म्हटलं ना!" हा आवाज आला की गल्लीतली जाणती माणसं वाट बदलतात. जावयाला तर गेल्या दिवाळीत अभ्यंगस्नानाच्या आधी बसवलं होतं. नानी ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या, आणि गाडीखालून हुकूम, "अजून बुडबुडे येताहेत!"

८ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा सगळं गाव चिडलं होतं. नानाही चिडले, पण त्यांच्या रागात थोडं कौतुक मिसळलेलं होतं. "ब्रेक याला म्हणतात! पॅडल दिल्लीत दाबलं, आणि लासलगाव, विंचूर, पिंपळगाव, सगळीकडं एकाच वेळी सारखा दाब. हाच पास्कलचा नियम. एअर नावालासुद्धा नाही लाइनीत." चार मेला बंदी उठली तेव्हा म्हणाले, "सोडायला पाच महिने लावले. शू चिकटतोय यांचा."

खरी परीक्षा गेल्या पावसाळ्यात झाली. बाजार समितीपुढं रस्त्यावर सडका कांदा आणि ओली पात पसरलेली. पुढची ट्रॉली थांबली, नानांनी पॅडल दाबलं. चारही चाकं एका क्षणात जाम झाली आणि गाडी तशीच अलगद पुढं सरकत जाऊन ट्रॉलीच्या फळकुटाला टेकली. नाना उतरले ते हसतच. "बघितलं? चारही एकदम धरली! डाव्यानंसुद्धा!" दिवा फुटलेला त्यांना नानींनी दाखवला.

उस्तादानं खाली बसून टायरवर हात फिरवला. नक्षी नावालाही नव्हती, पार गोटा. "नाना, ब्रेक चाक थांबवतो. गाडी टायर थांबवतं. तुमचं चाक थांबलंच होतं की."

नाना बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी टायरचा भाव काढला. पुढचे १३५ चे, मागचे १५५ चे, एकमेकांत बदलायची सोय नाही, म्हणजे चारही घ्यायचे. आकडा ऐकून त्यांनी मान हलवली.

"नकोच ते. टायर नवे टाकले की गाडी जोरात पळणार. मग हे ब्रेक कमी पडतील."