टाळेबंदीतील आशावादी : एक वेळापत्रक आणि त्याचे पाठभेद

'टाळेबंदी' हा शब्द मराठीत नवा नव्हता. मालकाने कारखान्याच्या फाटकाला कुलूप ठोकून कामगारांना बाहेर ठेवणे, हा त्याचा अर्थ मुंबईच्या गिरणगावाला चांगलाच ठाऊक होता. २५ मार्च २०२० पासून मात्र कोरोनाच्या साथीमुळे याच शब्दाने माणसांना आत ठेवण्याचे काम पत्करले, आणि आत राहिलेल्या या माणसांत असा एक वर्ग उदयास आला की, त्याची दखल घेतल्याखेरीज त्या काळाचा सामाजिक इतिहास अपुरा राहील. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेला, पुण्यातील दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढ्या जागेत आई, वडील व आजी यांच्यासह अडकलेला आणि तरीही सकारात्मक राहिलेला विद्यार्थी, हे त्या वर्गाचे लक्षण होय. (सकारात्मक म्हणजे मनाने, हाच शब्द त्या दिवसांत इंग्रजीत उच्चारला तर शेजारचे दार लागत असे, म्हणून एवढा खुलासा.)

या विद्यार्थ्याच्या आशावादाचा मूळ ग्रंथ म्हणजे त्याचे वेळापत्रक. जर्नलच्या पाठकोऱ्या कागदावर तीन रंगांच्या स्केचपेनांनी लिहिलेले आणि लोखंडी कपाटाच्या दारावर चिकटपट्टीने डकवलेले हे वेळापत्रक एकसंध नसून त्याच्या चार आवृत्त्या आढळतात, आणि या आवृत्त्या सरकारी आदेशांशी तंतोतंत जुळतात : पहिली २१ दिवसांची, दुसरी ३ मेपर्यंतची, तिसरी १७ मेपर्यंतची आणि चौथी ३१ मेपर्यंतची. भांडारकर संस्थेच्या पंडितांनी महाभारताच्या हस्तलिखितांतील पाठभेद, म्हणजे एकाच ग्रंथाच्या निरनिराळ्या प्रतींतील शब्दांचे फरक, ज्या चिकाटीने ताडून पाहिले, तीच चिकाटी येथे दाखवली तर निष्कर्ष मनोरंजक निघतात. पहिल्या आवृत्तीत 'पहाटे ५ : उठणे, १२ सूर्यनमस्कार' असा स्पष्ट पाठ आहे, दुसरीत पाचाचे सात झाले असून सूर्यनमस्कारांपुढील आकडा खोडला आहे, तिसरीत वेळ न देता केवळ 'उठणे' एवढेच म्हटले आहे, आणि चौथीत ही नोंदच नाही, कारण तोवर उठणे ही गोष्ट दिवसाच्या आरंभीच घडली पाहिजे हा आग्रह सुटला होता. 'जर्मन भाषा, १ तास' ही ओळ मात्र चारही प्रतींत अक्षरशः सारखी आहे. न केलेल्या गोष्टींचाच पाठ सर्वांत शुद्ध राहतो.

टाळेबंदी वाढल्याची बातमी आली की वडील डोक्याला हात लावत आणि आजी देवापुढे उदबत्ती लावी, पण हा विद्यार्थी नवा कागद घेई. मुदतवाढ ही इतरांना शिक्षा वाटत असताना त्याला ती गुढीपाडव्यासारखी शुभ वाटे, कारण आधीच्या आवृत्तीतील सारी थकबाकी तिच्यामुळे आपोआप माफ होत असे.

त्याच्या घरकामातील सहभागाविषयी मतभेद आहेत. कामाच्या बाई येत नसल्यामुळे भांड्यांची जबाबदारी त्याने स्वेच्छेने उचलली, हे खरे आहे. परंतु कानांत इअरफोन घालून मनोबल वाढवणारी व्याख्याने ऐकत तो एक कढई पाऊण तास घाशी, आणि ती पालथी घातल्यावर आई कोणालाही ऐकू जाणार नाही अशा बेताने ती पुन्हा विसळून घेई. दुधाच्या पिशव्या साबणाने धुणे आणि भाजी मिठाच्या पाण्यात टाकणे ही कामे तिने स्वतःकडेच ठेवली होती. कॉफीची पूड, साखर आणि गरम पाणी समप्रमाणात घेऊन ते मिश्रण फेस येईपर्यंत घोटायचे आणि थंड दुधावर तरंगवायचे, असा दलगोना नावाचा जो पदार्थ दक्षिण कोरियातून त्या वर्षी जगभर पसरला, तो त्याने मोठ्या समारंभाने केला, तेव्हा ''ही तर फेटलेली कॉफी, तुझे आजोबा रोज प्यायचे,'' एवढेच म्हणून आजी दूरदर्शनवरील नऊच्या 'रामायण' मालिकेकडे वळली.

बाह्य जगाकडून मिळणारी मान्यता त्याला प्रमाणपत्रांच्या रूपाने लाभे. त्या उन्हाळ्यात महाविद्यालयांमध्ये वेबिनारांची, म्हणजे इंटरनेटवरून भरवलेल्या परिसंवादांची, लाट आली होती. शिवाय जनजागृतीच्या प्रश्नमंजूषा व्हॉट्सअॅपवरून फिरत आणि वीस प्रश्नांपैकी ठरावीक उत्तरे बरोबर आली की रंगीत प्रमाणपत्र ईमेलने येई. हात किती सेकंद धुवावेत, या एकाच प्रश्नाच्या बळावर त्याने सात प्रमाणपत्रे मिळवली. अशा परिसंवादांतील त्याचे बौद्धिक योगदान ''सर, आवाज येत नाहीये'' या वाक्यापुरते मर्यादित असले, तरी ते वेळेवर केलेले असे.

त्याच्या श्रद्धेची खरी कसोटी परीक्षेने पाहिली. राज्य सरकार अंतिम वर्षाची परीक्षा नको म्हणत होते आणि विद्यापीठ अनुदान आयोग ६ जुलैच्या सूचनांनुसार ती सप्टेंबरअखेर घ्याच असे सांगत होता. सामान्य विद्यार्थी या ओढाताणीने हैराण झाला, परंतु या आशावाद्याने दोन्ही शक्यतांत सुख शोधले. परीक्षा होणार नसेल तर अभ्यास व्यर्थ, आणि होणारच असेल तर अजून वेळ आहे, असे त्याचे तर्कशास्त्र होते, आणि ते जवळजवळ दोन महिने अभेद्य राहिले. २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेवाचून पदवी नाही असा निकाल दिला, तेव्हा त्याने न्यायव्यवस्थेच्या स्वातंत्र्याबद्दल समाधान व्यक्त करून झोप घेतली.

ऑक्टोबरात त्याने बहुपर्यायी प्रश्नांची ती परीक्षा वर इस्त्रीचा सदरा आणि खाली अर्धी चड्डी अशा पोशाखात, पलंगावर बसून दिली आणि तो प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाला. कपाटाच्या दारावर चिकटपट्टीचे डाग राहिले आहेत. ते खोबरेल तेलाने जातात असे आजी सांगते, आणि हे काम वेळापत्रकाच्या पाचव्या आवृत्तीत घेण्यात आले आहे.