सायकलप्रेरणा : एक अभिनंदनपत्र

३ जून हा जागतिक सायकल दिन. संयुक्त राष्ट्रांनी तो २०१८ साली जाहीर केला. त्याच वर्षी वाशिम ‘आकांक्षित जिल्हा’ ठरला. आकांक्षा आणि वाहन एकदमच मिळाले. शिवाय उरलेले ३६४ दिवस मोकळे सुटले, ही सोय वेगळीच.

त्या दिवशी वाशिमच्या पाटणी चौकात फेरीसाठी सायकली छोट्या हत्तीत बसून याव्यात, हेच योग्य. पर्यावरणाचे वाहन दमून पोचलेले बरे दिसत नाही. मग हिरवा झेंडा, टी-शर्ट, हेल्मेट, फोटो. जूनचे आपले ऊन सकाळी आठलाच चटके देते, तेव्हा परतीचा प्रवास एसी गाडीतून झाला तर त्यात कुणी खोट काढू नये.

प्रेरणा म्हणाल तर फोटोच. म्हणून नम्र सूचना अशी, की पुढच्या वेळी सायकली सभागृहातच स्टँडवर लावून चालवाव्यात. खड्डे नाहीत, अकोला नाक्यावरचे ट्रक नाहीत, कार्बनबचत मात्र तेवढीच. चाके काढून ठेवली, तर पंक्चरचाही प्रश्न मिटतो.

‘उत्कृष्ट सायकलपटू’ पुरस्काराचे काही अर्ज नाइलाजाने फेटाळावे लागतील. पहाटे पेपर टाकणारा : टी-शर्ट नाही. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलवर रोज शाळा गाठणारी नववीतली मुलगी : ‘प्रेरणा’ या रकान्यात तिने पृथ्वीचा उल्लेखच केलेला नाही. नुसते लिहिले आहे, ‘एसटी थांबत नाही.’

हस्ताक्षराला उत्तेजनार्थ काही देता येईल का, ते समितीने पाहावे.