ट्रॉलीवासी

फुलचूर नाक्याकडे धान विकायला आलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागली की तिच्यातले मामाजी कोणते, हे कुणाला विचारावं लागत नाही. बाकीच्यांच्या ट्रॉलीत धान असतं. मामाजींच्या ट्रॉलीत धानाखेरीज दोन भारे तणीस, रिकाम्या बारदान्याची चळत, दोन ताडपत्र्या, एक जाडजूड वाकळ, कानटोपी, कानटोपीवरून गुंडाळायचा दुपट्टा आणि एक भाजकी वीट असते. विटेचा उलगडा रात्री नऊच्या पुढे होतो.

मामाजी हे कोणा एकाचं नाव नव्हे. गोंदियाकडे पिकल्या मिशीच्या कुठल्याही माणसाला मामाजी म्हणून हाक मारता येते, आणि रांग रात्रीपुरती थांबली की तिच्यातून एक तरी मामाजी निघतोच. तिरोड्याकडे निघतो, आमगावकडे निघतो. फुलचूरला थांबणारा स्वतःला त्यातल्या त्यात वरचा समजतो. गोंदिया शहर वाढत वाढत फुलचूरला येऊन टेकलं, तरी इथली ग्रामपंचायत वेगळी आणि थंडीही वेगळी, असं त्याचं मत आहे. नाक्याच्या अलीकडे शहराची थंडी, पलीकडे खरी.

उरलेल्या महाराष्ट्राच्या डोक्यात विदर्भ म्हणजे ऊन. कोल्हापूरहून महाराष्ट्र एक्सप्रेसनं डिसेंबरात आलेला पाहुणा शेवटच्या स्थानकावर, गोंदियाला, अर्ध्या बाह्यांच्या शर्टात उतरतो आणि यजमानाच्या घरी पोचण्याआधीच यजमानाची शाल पांघरून बसलेला असतो. समुद्र लांब, आभाळ निरभ्र, उत्तरेचं वारं मोकळं. दिवसा तापलेली जमीन रात्री सगळी ऊब वर उधळून टाकते आणि पारा सात-आठ अंशांपर्यंत उतरतो. विदर्भातलं नीचांकी तापमान म्हणून वर्तमानपत्रात पुष्कळदा गोंदियाचंच नाव छापून येतं. मामाजी ते कात्रण खिशात ठेवतात. राज्याच्या यादीत मात्र निफाड वर दिसलं की त्यांचा चेहरा उतरतो.

"तिकडं गहू संशोधन केंद्रात मोजते ना जी, वावरात. आपल्याकडं कोनी ट्रॉलीत मोजलं का?"

१ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा निघाला. त्याआधी आपली थंडी भंडाऱ्याच्या खात्यावर जमा होत होती, हेही ते गंभीरपणे सांगतात. वेधशाळेला हे मान्य होणार नाही, पण वेधशाळा रांगेत नसते. २०२४-२५ च्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २३०० रुपये होता. मामाजींना तो विचारला तर ते शेजारच्या ट्रॉलीवाल्याकडे बोट दाखवायचे. काल रात्रीचा पारा विचारला की दशांशासकट उत्तर.

आता अंथरूण. हे ज्यानं पाहिलं नाही त्याला ट्रॉलीत झोपणं म्हणजे कट्ट्यांवर आडवं होणं वाटतं. मामाजी कट्ट्यांवर कधीच झोपत नाहीत. वर वारं लागतं. धान भरतानाच ते हमालाला मधोमध एक चर ठेवायला लावतात, माणूसभर लांब आणि कूस बदलता येईल इतका रुंद. दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस किलोच्या कट्ट्यांच्या भिंती. तळाला ट्रॉलीचं लोखंड, ज्याला ते "दुश्मन" म्हणतात. लोखंड आणि तणीस रात्री सारखेच गार असतात, पण लोखंड अंगातली ऊब भराभर ओढून नेतं, आणि तणसाच्या काड्यांत अडकलेली हवा ती जागची हलू देत नाही. मामाजी हे एवढं लांबण लावत नाहीत. "थंडी वरून येत नाही बाबू, खालून येते," एवढंच. आधी बारदाना, मग गुडघाभर तणीस, त्यावर पुन्हा बारदाना, मग वाकळ. तणीस यंदाचंच पाहिजे. जुनं दबतं आणि मग खाजवत रात्र जाते.

एका रांगेत एक पदविकाधारक पोरगा होता. बापाचा पाय दुखावला म्हणून धान घेऊन आला होता. त्यानं ऑनलाइन मागवलेली झोपायची पिशवी आणली होती, तिच्यावर उणे पाच अंशांपर्यंतची हमी छापलेली. सगळ्या रांगेनं ती हात लावून पाहिली. मामाजींनी चेन दोनदा वरखाली केली, "झकास आहे," म्हणाले आणि झोपायला निघून गेले. पोरानं कडेचे कट्टे सरकवून पिशवी सरळ लोखंडावर अंथरली. असल्या पिशवीची सगळी ऊब तिच्या फुगीरपणात असते, आणि अंगाखालचा भाग माणसाच्या वजनानं चपटा होतो, हे छापलेल्या चिठ्ठीवर नव्हतं. रात्री दोन वाजता तो मामाजींच्या चराशी उभा होता.

"मामाजी, जागे आहात का जी?"

"तुझीच वाट पाहून राहिलो. तो भारा तुझ्यासाठीच बांधून ठेवला आहे, घे."

सांगायचं तेव्हा सांगितलं नाही, म्हणून पोरगा फुरंगटला. पण मामाजींचा एक नियम आहे: थंडीचा सल्ला गरम माणसाला द्यायचा नाही, वाया जातो.

दुसरा वाद ताडपत्रीचा. नवशिका ती चारी बाजूंनी गच्च आवळतो आणि पहाटे उठतो तेव्हा ताडपत्रीच्या आतून थेंब टपकत असतात. दहिवर आत कसं आलं म्हणून तो ताडपत्रीत भोक शोधतो. दहिवर आत आलेलं नसतं. रात्रभराच्या श्वासातली वाफ गार ताडपत्रीला लागून तिचंच पाणी झालेलं असतं. मामाजी पायाकडे आणि डोक्याकडे वीतभर उघडं ठेवतात, वाऱ्याच्या तोंडी नाही, वाऱ्याच्या पाठीला. त्यासाठी संध्याकाळी ते चिमूटभर कोंडा उडवून वारा पाहतात आणि दरवर्षी एकाच दिशेला मान हलवतात.

पांघरुणांचंही त्यांचं वेळापत्रक आहे. निजतानाच सगळं अंगावर घेणाऱ्याची ते कीव करतात. तो आधी घामेजतो, मग त्याच घामानं गारठतो. शिवाय सगळ्यात जास्त थंडी मध्यरात्री नसते. पारा तळाला जातो तो उजाडायच्या सुमाराला. म्हणून एक पांघरूण उशाशी राखून ठेवायचं आणि पहिला कोंबडा आरवला की काढायचं. फुलचूरच्या कोंबड्यांवर मामाजींचा विश्वास नाही, ते शहराजवळ राहून बिघडले आहेत. त्यामुळे ते स्वतःच उठतात, राखीव पांघरूण ओढतात, आणि आपण उठलो हे सगळ्यांना कळेल इतक्या मोठ्यानं खाकरतात.

शेकोटी रस्त्याच्या कडेला, ट्रॉल्यांपासून लांब. इथे पोपटाच्या शेंगा भाजल्या जातात, तांदळाच्या भाकरी सोडल्या जातात आणि मंडईतल्या नाटकांच्या आठवणी निघतात. दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या जत्रेला रात्रभर दंडार नाहीतर नाटक. प्रेक्षक तणीस टाकून, डोक्यावरून पांघरूण घेऊन पहाटेपर्यंत बसलेला. थंडीत रात्र काढायचं शिक्षण आपण तिथंच घेतलं, असं मामाजी सांगतात. नाटकाचं नाव विचारलं तर आठवत नाही. कुठल्या गावचं तणीस चांगलं होतं ते आठवतं.

याच शेकोटीत ती वीट तापते. तापली की तिला बारदान्याच्या तीन घड्यांत गुंडाळून पायाशी ठेवायची. "पाय झोपले का मानूस झोपते." विटेला हात कोणी लावायचा नाही.

शेकोटीपाशी एक जण हमखास खिशातली बाटली दाखवून म्हणतो, आपली ऊब आपल्यापाशी आहे. दारूनं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून अंग गरम वाटतं आणि आतली ऊब उलट भराभर बाहेर जाते. मामाजी त्याच्याशी वाद घालत नाहीत. फक्त त्याच्या ट्रॉलीवर एक बारदाना जास्तीचा टाकून येतात आणि सकाळी मोजून परत घेतात.

एका गोष्टीत मात्र त्यांना विनोद चालत नाही. घमेल्यात निखारे घालून ताडपत्रीखाली घेऊन जाताना कोणी दिसला की ते ओरडतात आणि घमेलं हातातून काढून घेतात, मग समोरचा जावई असला तरी. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, रंग नसतो, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक ओढीनं धरतं. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठली नाहीत, अशा बातम्या हिवाळ्यात येतातच. मामाजींना त्या वायूचं नाव माहीत नाही. ते त्याला निखाऱ्याची झोप म्हणतात. छत्तीसगडकडून आलेला एक ट्रकवाला, आमच्याकडे निखाऱ्यांची गोरसी असतेच की, म्हणाला. "अंगनात असते ना? मंग अंगनात बस," एवढं बोलून मामाजींनी घमेल्यावर पाणी ओतलं. त्या रात्री कोणी त्यांना चहा विचारला नाही. दुसऱ्या दिवशी विचारला.

गाडीत झोपायची हौस जगात इतरांनाही आहे, हे त्या पिशवीवाल्या पोरानं मोबाइलवर दाखवलं. इंग्लंडात १८८५ साली विल्यम गॉर्डन स्टेबल्स नावाच्या नौदलातल्या माजी डॉक्टरानं ब्रिस्टलच्या वॅगन कारखान्यातून निव्वळ भटकंतीसाठी राहायची घोडागाडी बांधून घेतली. तिचं नाव 'वाँडरर', आणि रस्ता मोकळा करायला पुढे तीनचाकी सायकलवर नोकर. आता तर तसल्या गाड्यांत पलंग असतो, हीटर असतो. महाराष्ट्र सरकारनंही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे. मामाजींनी चित्रं बारकाईनं पाहिली.

"धान किती मावते तिच्यात?"

"धान नाही ठेवत जी त्याच्यात."

"मंग वारं आडवते कायनं?"

ओल्या धानाबद्दल त्यांचं खासगी मत आहे, ते शेकोटी विझत आल्यावरच ऐकायला मिळतं. ओलं धान ढिगात श्वास घेत राहतं आणि आतून तापतं; हात घातला तर कळतं. फार तापलं की काळं पडतं, वास मारतं. म्हणूनच खरेदीला ओलाव्याची मर्यादा १७ टक्के. "ओलं धान इकाले वाईट, झोपाले चांगलं," असं म्हणून मामाजी आजूबाजूला पाहतात, ग्रेडर ऐकत तर नाही ना.

आता आम्हाला पडलेला संशय सांगून टाकतो. रांग पुढे सरकली की मामाजी मागच्याला म्हणतात, "तुमी व्हा ना जी पुढं, तुमच्या घरी लहान लेकरं आहेत." दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला. तिसऱ्याच्या घरी लेकरं नव्हती, तर त्याच्या घरी म्हैस व्यायला झाली होती. स्वतःचा नंबर अगदीच अंगावर आला की ते दोन दाणे काढून दाताखाली धरतात, कड् असा स्वच्छ आवाज येतो, आणि तरी मान हलवून म्हणतात, "अजून एक ऊन पाहिजे."

थंडी सोसणाऱ्या माणसाचं हे वागणं नव्हे. मामींना विचारलं तेव्हा उलगडा झाला. घरी मामाजींना पक्क्या भिंती, कापसाची गादी आणि दोन रजया असूनही झोप येत नाही. खिडकी लाव, दार लाव, पाय गार पडले, कोणी चहा करता का, असं रात्रभर चालतं. घरी त्यांना कोणी काही विचारत नाही. मुलगा म्हणतो, बाबा, तुम्ही उगा फिरू नका, पडाल. ट्रॉलीपाशी मात्र पंधरा-वीस माणसं झोपण्याआधी त्यांच्याकडे पाहतात, बरोबर अंथरलं ना जी? हे वर्षातून काही रात्रीच मिळतं, आणि त्यासाठी धान पिकवावं लागतं.

शेवटी एका दुपारी त्यांचा काटा झालाच. ग्रेडरनं यंत्रात दाणे घातले, ओलावा मर्यादेच्या कितीतरी खाली निघाला. मामाजींनी यंत्र बदलून पाहायची विनंती केली, ती फेटाळली गेली. हमालांनी चराच्या दोन्ही भिंती तासाभरात उतरवल्या. पोरगा नमस्कार करायला आला, त्यानं झोपायची पिशवी देऊ केली. मामाजींनी ती घेतली नाही, पण चेन पुन्हा एकदा वरखाली केली.

तेवढ्यात मामींचा फोन. स्पीकर मोठा असल्यामुळे सगळ्यांनी ऐकला.

"या आता लवकर. बिछाना घालून ठेवला आहे."

"खाली का टाकलं?"

"गादी टाकली, आनखी का टाकू?"

मामाजींनी रिकाम्या ट्रॉलीकडे पाहिलं आणि पोराला तो राहिलेला भारा वर चढवायची खूण केली.

"हात नोको लावू गादीले. मी आलो तनीस घेऊन."