ईशान्य सोडून कुठेही

आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचं खत करायचं, हे एकमताने ठरलं. खताचा खड्डा कुठे खणायचा, यावर तीन सभा झाल्या. ए विंगच्या मागे नको, तिकडे बेडरूमच्या खिडक्या आहेत. बी विंगच्या मागे नको, तिकडे पार्किंग आहे आणि एकाची नवी गाडी आहे. ईशान्येला देव, आग्नेयेला अग्नी; वास्तुशास्त्राचा व्यासंग असलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी आठही दिशा एकेक करून बाद केल्या. ‘नववी असेल तर बघा,’ म्हणाले.

सेक्रेटरी मीच. त्यामुळे घरी जाऊन सरकार काय म्हणतं ते वाचत बसलो. २०१६ च्या घनकचरा नियमांत भरावभूमीची, म्हणजे कचरा पुरायची, जागा कशी असावी हे नीट दिलं होतं. नदीपासून १०० मीटर लांब. तळ्यापासून २००. महामार्ग, वस्ती, बाग, पिण्याच्या पाण्याची विहीर, सगळ्यांपासून २००. आणि विमानतळापासून २० किलोमीटर, कारण कचऱ्यावर घारी येतात. मी पुण्याचा नकाशा पसरला, लोहगावच्या धावपट्टीवर कंपासचं टोक रोवलं आणि वर्तुळ फिरवलं. शनिवारवाडा आत, कोथरूडही आत. खास बाब म्हणून नाहरकत मिळवली तर दहा किलोमीटरवर भागत होतं, हे खरं. त्या दाखल्याची एक प्रत बहुधा घारींनाही जात असावी.

एक अंतर मात्र नियमांत कुठेच सापडलं नाही: मतपेटीपासून किती? जाणकार मंडळी आधी तेच मोजतात.

पुण्याचा कचरा एके काळी कोथरूडला पडायचा. तेव्हा कोथरूड म्हणजे गावाबाहेर. मग तिथे बंगले आले, बंगल्यांचे फ्लॅट झाले, फ्लॅटांत आम्ही आलो आणि सामान लावून होण्याआधीच नाकाला रुमाल धरून विचारू लागलो, की इथे हा डेपो कुणी आणला? आम्ही मतदार होतो, त्यामुळे प्रश्न रास्त ठरला. डेपो बंद झाला. त्या जागेवर आता मेट्रोचं कारशेड आहे आणि त्याचं नाव हिल व्ह्यू पार्क. रिक्षावाल्याला हे नाव सांगून बघा. तो मीटर टाकत विचारेल, ‘म्हणजे कचरा डेपोच ना?’

कचरा मग शहराच्या दुसऱ्या टोकाला, हडपसरच्याही पुढे गेला. पुण्याच्या पूर्वेला उरुळ्या दोन. एक कांचन, एक देवाची. सोन्याच्या नावाची सुटली, देवाच्या नावावर कचरा चढला. फुरसुंगीही शेजारी म्हणून सापडली. या गावांची मोठी सोय अशी, की महापालिकेच्या निवडणुकीत तिथल्या लोकांना मतच नव्हतं. कचरा पुण्याचा, वास गावाचा, नगरसेवक पुन्हा पुण्याचा. विहिरींचं पाणी नासलं, तेव्हा टँकर सुरू झाले. एप्रिल २०१७ मध्ये डेपो पेटला आणि गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. तीन आठवडे पुण्याला आपला कचरा आपल्याच कोपऱ्यावर बघावा लागला. आमच्या चौकात कंटेनरभोवती इतकं साचलं होतं, की लोक रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथने चालत. त्या काळात आमच्या घरी प्रथमच ओला आणि सुका वेगळा झाला. गाड्या सुरू झाल्या तसा पुन्हा एक झाला.

त्याच वर्षी देवाची उरुळी आणि फुरसुंगी ही दोन्ही गावं महापालिकेत घेतली. म्हणजे गावकरी पुणेकर झाले आणि डेपो न हलता शहरात आला. पाचच वर्षांनी, २०२२ च्या डिसेंबरात, त्यांना पुन्हा बाहेर काढायचं ठरलं. वेगळी नगर परिषद करायची म्हणून. इतक्या चपळाईने शहराची हद्द हलते. कचऱ्याचे डोंगर मात्र वर्षानुवर्षं खणून, चाळून काढावे लागतात.

या अभ्यासाचा मला चौथ्या सभेत फार उपयोग झाला. सोसायटीत खिडकी नसलेली, गाडी नसलेली आणि मेंटेनन्स न भरणारी एकच जागा होती: वॉचमनच्या केबिनची मागची बाजू. दिशा नैर्ऋत्य. काकांनी तत्काळ शास्त्रात आधार काढून दिला. ठराव दोन मिनिटांत मंजूर.

दुसऱ्या दिवशी वॉचमन मामा नोटीस बोर्डासमोर उभे होते. हातात डबा.

‘साहेब, जेवतो मी तिथं.’

‘मामा, खत होणारे. वास नाही येत, शास्त्रीय पद्धत आहे.’

‘मग तुमच्या गॅलरीखाली करा की.’

हरकत इतिवृत्तात नोंदवली. मामा सभासद नसल्यामुळे तिच्यावर मतदान घेता आलं नाही. पण सोसायटी काही अगदीच निर्दय नाही. वास गेलाच केबिनकडे तर तो परतवायला म्हणून एक टेबल फॅन तत्त्वतः मंजूर झाला आणि खड्ड्याच्या आधी तो आलासुद्धा. खोका उघडल्यावर कळलं, केबिनमध्ये प्लग नाही.