नुसतं घासलंय

फुटपाथला गाडी ठोकणारा माणूस कधीच फुटपाथला गाडी ठोकत नाही. फुटपाथ मध्ये येतो. तोही महापालिकेनं परवाच, कुणाला न सांगता, तिथं आणून ठेवलेला असतो.

हे गृहस्थ पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडतात. त्या दिवशी ते गाडीची डावी बाजू भिंतीला चिकटवून लावतात. घरातून विचारणा होतेच, "अहो, कसला आवाज आला?"

"काही नाही, नुसतं घासलंय."

अलॉयच्या कडेचा टवका उडालेला असतो आणि त्या खाचेत फुटपाथचा पिवळा रंग पुरावा म्हणून बसलेला असतो. टायरच्या कुशीवर लिंबाएवढा फुगा. आतले धागे तुटल्याशिवाय असा फुगा येत नाही आणि पंक्चर काढल्यासारखा तो काढताही येत नाही, टायरच बदलावा लागतो. हे मात्र हवा जास्त झाली म्हणून थोडी सोडून देतात.

दुसऱ्या दिवसापासून गाडी सरळ चालली की स्टिअरिंग तिरकं. "सवय होते." गाडी डावीकडे ओढते. "आपल्याकडचे रस्तेच डावीकडे उतरते." हे अर्धं खरं आहे, पावसाचं पाणी निघून जावं म्हणून तसा उतार ठेवतात. पण हा उतार कालपर्यंत कुठं होता, हे त्यांना कोण विचारणार? स्पीडब्रेकरवर खालून 'खट्ट' वाजलं की ते रेडिओ मोठा करतात.

अखेर स्वारी अलाइनमेंटला जाते. पडद्यावर डाव्या चाकाचा कॅम्बर लालभडक.

"साहेब, कुठं ठोकली का?"

"छे! अलाइनमेंट करायची झाली होती."

पोरगा चाक आणि फेंडर यांच्यात बोटं घालून दाखवतो. उजवं चाक मधोमध, डावं दोन बोटं मागे. "लोअर आर्म वाकलाय, साहेब. टो जुळवून देतो, पण कॅम्बर फिरवायला या गाडीत सोयच नाही."

साहेबांच्या मते चाक कंपनीतूनच तसं आलंय. पार्ट गळ्यात मारायचे हे धंदे आपल्याला ठाऊक आहेत, असंही ते तिथल्या बाकावर बसलेल्या अनोळखी माणसाला ऐकवतात. मग पोरगा टाय-रॉड फिरवून टो तेवढा जुळवतो, स्टिअरिंग सरळ दिसायला लागतं आणि साहेब विजयी मुद्रेनं परततात. वाकलेला आर्म गाडीखाली वाकलेलाच असतो. पुढं टायर एका कडेनं गुळगुळीत झाला की दोष टायर बनवणाऱ्याचा.

यथावकाश गाडी विकायला निघते. 'एकहाती वापर, एकही अपघात नाही' अशी जाहिरात वाचलीत, तर पैसे देण्याआधी पुढच्या डाव्या टायरच्या दोन्ही कडांवरून एकदा हात फिरवून बघा.